पोसादाचं दार

त्या डिसेंबरात आमच्या विद्यापीठाच्या अध्यक्षांनी, फादर क्विनलननी, अमेरिकेतल्या अकरा कॅथलिक विद्यापीठांना एकत्र आणून स्थलांतरितांच्या बाजूने निवेदन काढलं. कायदा बदला, घरं तोडू नका, असं छान छान लिहिलेलं. एक प्रत आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरही लावली.

त्याच भिंतीशी ओब्दुलिया सतरा वर्षं मक्याच्या पिठाचे तमाले पानात बांधत आली होती. सोमवारी तिची हद्दपारीची सुनावणी होती. इतकी वर्षं ती इथे राबतेय, असं विद्यापीठाचं पत्र नसेल तर तिला ग्वातेमालाला धाडतील, असं वकील म्हणाला होता. पत्राचा मसुदा घेऊन ती तीनदा फादरांच्या कार्यालयात गेली. दाराबाहेरच सेक्रेटरीने सांगितलं, तू ठेकेदाराची माणूस, आमची नाहीस. माझं डोकंच फिरलं.

सुनावणीआधीच्या शुक्रवारी संध्याकाळी पोसादा होती, नाताळाआधीचा आमच्याकडचा गाण्याचा खेळ. बाहेरच्यांनी मारिया-योसेफ होऊन गाण्यात आसरा मागायचा, आतल्यांनी गाऊनच नकार द्यायचा आणि शेवटच्या कडव्याला दार उघडायचं. तमाले आत, म्हणून आतल्या नेहमी आम्ही स्वयंपाकघरवाल्या. यंदा बाहेर अकरा अध्यक्ष होते, हातात मेणबत्त्या, समोर कॅमेरे.

शेवटचं कडवं आलं आणि आम्ही पुन्हा नकाराचंच धरलं. बाहेर लोक हसले. आम्ही तेच परत गायलो, तेव्हा हसू थांबलं.

ओब्दुलिया घाबरली. "उघड गं एर्लिंदा. तुझीही नोकरी घालवशील."

मी कडी धरून ठेवली.

फादरांनी दार वाजवलं. "एर्लिंदा, चुकतंय तुमचं. आता आत घ्यायचं असतं."

"तुम्ही कुणाची माणसं, फादर? आमची तर नाही. ठेकेदाराला विचारा."

मी ओब्दुलियाचा तोच मसुदा आणि पेन दाराखालून सरकवलं. बराच वेळ नुसती कुजबुज. कागद परत आला तेव्हा त्यावर दहा सह्या होत्या, बाकीच्या दहा अध्यक्षांच्या. ज्यांची हवी होती त्यांचीच जागा कोरी. मी कागद पुन्हा बाहेर लोटला. त्या अध्यक्षांतल्या एका म्हाताऱ्या सिस्टरचा आवाज आला, "सही करा, फादर. पाय गारठलेत आमचे."

सही आली. मी दार उघडलं.

फादर थेट ओब्दुलियापाशी गेले. नाराजीने म्हणाले, "अगं, आधी मला सांगायचं नाही का?"

सतरा वर्षांत तिने कधी आवाज चढवला नव्हता. तेव्हाही चढवला नाही.

"तीनदा आले होते, फादर. तुम्ही आत होतात."