स्टार्टरच्या पेटीतलं सिम

"मावशी, हे काय आहे?" सुलेखाने विचारलं.

दगडाबाईने पदराची गाठ सोडून तिच्या तळहातावर जे ठेवलं होतं, त्याला सिम म्हणायला धाडस लागलं असतं. एका बाजूने हळद, दुसऱ्या बाजूने कुंकू. त्याखाली कंपनीचं नाव कुठे बुजलं होतं ते देवालाच ठाऊक.

"सिम हाय. विश्वजीतचं. दसऱ्याला पुजलंवतं."

"सिम पुजलं?"

"मग? औजारं पुजतो का नाय आपण? त्याचं औजार ह्येच."

सुलेखा शेंद्र्याच्या एका कारखान्यात कामाला. मोटरचे मोबाईल स्टार्टर बसवत ती शेतोशेती हिंडायची. घरी बसून फोनवर बटण दाबलं की इकडे विहिरीवरची मोटर चालू. आज ती दगडाबाईच्या विहिरीवर आली होती. तिने पेट्यांतून सरडे काढले होते, एकदा विंचूही काढला होता. पण पुजलेलं सिम पहिल्यांदाच बघत होती.

"म्याडम, तिचं नका ऐकू," दगडाबाईचा नवरा सांडू म्हणाला. "हे घ्या नवं सिम. कालच आणलंय बिडकीनहून."

"नवं नाय. हेच," दगडाबाई म्हणाली.

तिच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईबापाने तिचं नाव असं ठेवलं होतं. ती जगली, आणि नावालाही जागली. संसारात सांडूने तिच्याशी बरेच वाद घातले, त्यातला जिंकलेला एकही त्याला आठवत नव्हता.

विश्वजीत त्यांचा एकुलता एक. गेल्या चैत्रात रात्रीची लाईट होती, म्हणून मोटर चालू करायला निघाला आणि शेताच्या धुऱ्यावर साप चावून तो गेला. फोन दगडावर आपटून फुटला, सिम तेवढं धड निघालं. त्यात वर्षाचा रिचार्ज त्यानेच संक्रांतीला मारलेला. आता दुसरी संक्रांत तोंडावर आली होती. "कोण वापरतंय ते? कशाला रिचार्ज?" असं सांडू म्हणाला, आणि मोबाईलच्या दुकानदाराने वर सांगितलं, की रिचार्ज नाही मारला तर काही महिन्यांनी कंपनी तो नंबर दुसऱ्या कुणाला देऊन टाकते. ते ऐकल्यापासून दगडाबाईच्या घशाखाली घास उतरत नव्हता. मग रात्री कुणाला शेतात जायला नको म्हणून हा स्टार्टर घ्यायचं ठरलं आणि पेटीत सिम लागतं असं तिच्या कानावर आलं. तिने मनाशी गाठ मारली. पेटीत हेच सिम बसलं, की मोटरीसाठी का होईना, रिचार्ज मारावाच लागणार.

सुलेखाने सिम पुसलं, पण कुंकवाचा रंग बसलेलं नाव काही वाचता येईना. सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासून तिने ते पेटीत सरकवलं. रेंजचा दिवा लागला.

"चला, जिवंत आहे," ती म्हणाली आणि लगेच तिने जीभ चावली. "नंबर सांगा, मावशी."

दगडाबाईला अक्षरओळख नव्हती, पण नंबर तिने न अडखळता सांगितला.

आता पेटीला इंटरनेटची वाट दाखवायची होती. प्रत्येक कंपनीचा इंटरनेटला जायचा दरवाजा वेगळा आणि त्याचं नावही वेगळं. एपीएन म्हणतात त्याला. ते नाव मेसेजने पेटीला कळवायचं. चुकलं तर पेटी दाराबाहेर उभी.

"कंपनी कोणती?"

"घरात समद्यांची एकच," सांडू म्हणाला आणि त्याने नाव सांगितलं. सुलेखाने मेसेज धाडला. लगेच तिच्या फोनवर उत्तर आलं.

"कोण?" दगडाबाईने विचारलं.

"पेटी, मावशी. सेटिंग मिळालं म्हणते."

"नंबर कुणाचा आला?"

"त्याचाच."

"मग!" दगडाबाई म्हणाली आणि पदर सारखा करत बसली.

पण इंटरनेटचा दिवा लालच राहिला. सुलेखाने पेटी बंद करून चालू केली. पुन्हा मेसेज धाडला. लालच.

"माझ्या फोनात घालून बघू का जरा?"

"दुसऱ्याच्या फोनात जायचं नाय ते."

सुलेखा वैतागली. अजून दोन शेतं बाकी होती. "मग काका, द्या ते नवं. पाच मिनिटांत चालू करते."

तिने हात पुढे केला, तसा दगडाबाईने पेटीवर पंजा ठेवला.

"पोरी, ह्ये बंद पडलं तर उद्या ह्या नंबरावर दुसराच कुणी बोलंल. मी फोन लावीन अन् कुणीतरी परका उचलंल. कसं सोसू मी?"

"तुम्ही फोन लावता?"

"रोज. बंद हाय म्हणती ती बाई. म्हणू दे. म्या लावते."

सांडूने मान वर करून बायकोकडे पाहिलं. हे त्याला आजवर माहीत नव्हतं.

सुलेखाने पुढे केलेला हात मागे घेतला. लाल दिव्याकडे बघत तिने विचारलं, "विश्वजीतने कधी कंपनी बदलली होती का?"

"नाय बा. नंबर त्योच हाय."

"नंबर तोच ठेवूनही बदलता येते. बाजारात छत्री लावून बसतात बघा कंपन्यांची पोरं, काहीबाही फुकट देतात..."

"बादली!" दगडाबाई उठलीच. "बिडकीनच्या बाजारातून आणलीवती त्यानं. मला म्हनला, आई, तुला फुकट बादली."

"फुकट कोण देतंय, मावशी!"

बादली बाभळीखाली होती, त्यांच्याच प्यायच्या पाण्याची. दगडाबाईने ती फिरवून धरली. उन्हाने उडालेली अक्षरं सुलेखाने बोट लावून वाचली. कंपनी दुसरीच होती.

तिने नवं नाव टाकून मेसेज धाडला. लाल दिवा लुकलुकला आणि हिरवा झाला.

"दाबा, मावशी," दगडाबाईच्या फोनवरचं बटण दाखवत ती म्हणाली.

दगडाबाईने दाबलं. विहिरीत मोटर घुमली, पाईप थरथरला आणि पाणी मोसंबीकडे धावलं. सुलेखा हत्यारं आवरायला लागली. दगडाबाईने मात्र फोन खाली ठेवला नाही. रोजच्या सवयीने तिने नंबर लावला आणि कानाशी धरला.

"वाजतंय," ती म्हणाली. "अवं, रिंग जातीया."

"पेटी उचलणार नाही, मावशी," सुलेखा हळूच म्हणाली.

"नगं उचलंना."

रिंग आपोआप थांबेपर्यंत ती ऐकत राहिली. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलं नाही.

सांडूने नवं सिम पाकिटासकट खिशात कोंबलं, खोरं उचललं आणि दोन पावलं जाऊन थांबला.

"म्याडम," पाठमोराच तो म्हणाला, "त्याचा रिचार्ज कवा संपतोय?"

"संक्रांतीला," उत्तर दगडाबाईने दिलं.

"ध्यानात ठिवतो," सांडू म्हणाला आणि झाडांना पाण्याचं बारं द्यायला मोसंबीत शिरला.