मंत्र कुणी वाचायचा

मारुतीरावाचा पुजारी विषानं काळानिळा पडला होता आणि खुद्द मारुतीराव समोर बसून गार झालेला चहा पीत होता. दोन वर्षं दर रविवारी उचगावहून सायकल हाणत येऊन त्यानं हा पुजारी कागदावर वाढवला होता. बँकेतला कारकून, पोराबाळांचा बाप, आणि फासे खेळायला जातो, म्हणून घरचे कावायचे. जुगार असता तर निदान त्यांना समजलं तरी असतं.

खेळ भरायचा शहापुरात, रवळूच्या माडीवर. खाली साड्यांच्या मागांची खटखट चालू असे. रवळूचा भाऊ बोटीवर नोकरीला. त्यानं विलायतेहून नियमांचं एक जाडजूड पुस्तक आणि चित्रविचित्र फासे आणले होते. प्रत्येकानं लढवय्या, चोर, पुजारी, जादूगार असं कुणीतरी व्हायचं आणि रवळू सांगेल त्या भुयारात शिरायचं. बाकीचे नुसते खेळत. धर्मराजानं मात्र ते पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचलं होतं. तो निपाणीत गणिताचा मास्तर. बसनं यायचा. त्याचा जादूगार एकेक मंत्र असा राखून वापरायचा, की मारुतीराव स्वतःची पाळी विसरून बघत बसायचा.

जादूगाराचा मंत्र अभ्यासानं येतो आणि पुजाऱ्याचा देवाच्या कृपेनं, असं पुस्तक सांगत होतं. म्हणून मंत्र लिहिलेली गुंडाळी सापडली तरी ती ज्याची त्यानंच वाचायची. आज भुयारातल्या एका पेटीत विष उतरवायचा मंत्र सापडला होता, पण तो पुजाऱ्याचा, आणि एकुलता एक पुजारी बेशुद्ध पडलेला.

"वाच रं धर्मा," रवळू म्हणाला. "आपल्याआपल्यात कोण बघतंय?"

"न्हाय. आज माझ्यासाठी नियम वाकला तर उद्या माझ्यावरबी वाकंल. मला मेहेरबानी नको, नियम पायजे."

मारुतीरावाला राग आला. मरत कोण होतं? पण हा माणूस असा आहे म्हणूनच तर तो आपल्याला आवडतो, हेही त्याला ठाऊक होतं. आज तेच नडत होतं.

धर्मराज पानं उलटत होता. "वाट हाय," तो म्हणाला. "आपला पेशा सोडून दुसरा धरता येतोय. पयल्या पायरीपासनं सुरुवात. मी जादूगारी सोडतो, पुजारी व्हतो, आणि वाचतो."

मारुतीरावाचा कप हातातच राहिला. अख्ख्या माडीनं हेवा करावा असा जादूगार, आणि हा त्याच्यासाठी तो अंगातला सदरा काढावा तसा काढून देत होता.

रवळूनं पुस्तक ओढून घेतलं. "पुजाऱ्याला देवाचं नाव सांगावं लागतंय. कुठला देव लिहू?"

"पुजाऱ्याचं प्रकरण तेवढं मी वाचलं न्हवतं," धर्मराज म्हणाला. "छप्पन साली माझ्या वडलांनी बुद्धाची दीक्षा घेतली आणि घरातले देव वेदगंगंच्या पाण्यात सोडले. ते मी कागदावर तरी परत कसे आणू?"

"खेळच हाय की रं."

"खेळ हाय म्हणून तर खरं खेळायचं."

सगळे मारुतीरावाकडे बघू लागले. "माझ्यासाठी एवढं कर गड्या," हे वाक्य त्याच्या अगदी जिभेवर आलं होतं. तो म्हणाला असता तर धर्मराजाला नाही म्हणणं जड गेलं असतं, आणि म्हणूनच मारुतीरावाला ते म्हणवेना. ज्यानं आपला जादूगार द्यायला मागंपुढं पाहिलं नाही, त्याच्याकडं आणखी काय मागायचं? त्यानं पेन्सिल घेऊन आपल्या कागदावर आडवी रेघ मारली.

"मेला. फुडं चल रवळू."

त्याला खरोखर वाईट वाटलं. त्यानं डोळे पुसले आणि कुणी हसलं नाही.

"आता कोण व्हणार?" रवळूनं कोरा कागद पुढे सरकवत विचारलं.

"जादूगार."

"त्याला गुरू लागतोय."

उचगावात मारुतीरावाच्या दारात धर्मराजाच्या समाजाची माणसं एका पिढीपूर्वीपर्यंत पायरीखाली उभी राहत. मारुतीराव आपल्या जागेवरून उठला आणि धर्मराजासमोर येऊन मांडी घालून बसला.

"मला शिकिवशील?"

धर्मराजानं तो कोरा कागद जवळ घेऊन एक ओळ लिहिली. "नव्या शिष्याला गुरूनं सगळ्यात आदी एक मंत्र द्यायचा, असा नियम हाय."

"कुठला? आगीचा?"

"वाचता यायचा. त्यो आल्याबिगर दुसरा कुठलाच येत न्हाय."

मारुतीरावानं कागद घ्यायला दोन्ही हात पुढे केले.