काट्यात खोट नाही

“खोट आहे म्हण, मेहबूब. चार लोकांसमोर म्हण,” इंद्रभान म्हणाला. “दरसाली याच ट्रॉलीत बारा क्विंटल कापूस बसते. औंदा दहाच भरला. काटा मारून राह्यले हे जिनिंगवाले.”

मेहबूब चिखलीत तीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करत होता. त्यानं ट्रॉली जिनिंगच्या काट्यावरून काढायला लावली, बघ्यांना लांब पिटाळलं आणि आकडा शून्यावर येऊन थांबेपर्यंत वाट पाहिली. मग वीस-वीस किलोची वजनं एकेका कोपऱ्यावर ठेवून पाहिली. त्याची मुलगी गुलनाज आकडे लिहून घेत होती.

गुलनाज पुण्याला प्रयोगशाळेत होती. अणू इतके थंड करायचे की ते जवळजवळ थांबतातच. मग विश्वात भरून राहिलेल्या, पण कुणाला न दिसलेल्या डार्क मॅटरचा जरासा धक्का लागला तरी कळावं, असं तिचं काम. सहा वर्षांत धक्का काही लागला नव्हता. बाजारात जो तो विचारायचा, पोरीला काय सापडलं? मेहबूब “चालू आहे” म्हणून वेळ मारून न्यायचा. परवा ती आली ती हे सगळं सोडून इथल्या कॉलेजात शिकवायचं ठरवूनच. राजीनामा तेवढा पाठवायचा राहिला होता.

तिसऱ्यांदाही आकडे जुळले. मेहबूब गुडघ्यावर हात टेकत उठला.

“काटा बरोबर आहे, इंद्रभान.”

“तू बी त्यायचाच झाला का बे?”

“कापूसच हलका आहे. बोंडात अळी असन. वावरात जाऊन पाय.”

“बीटी बियाण्याले अळी? मले शिकवतं?”

दोघं एका बाकावर शिकलेले. मेहबूबकडची ईद इंद्रभानशिवाय कधी झाली नव्हती. तो ट्रॅक्टर सुरू करून मागे न बघता निघून गेला. मेहबूबला फार वाईट वाटलं.

“अब्बा, सगळी सकाळ गेली,” गुलनाज म्हणाली. “हाती काय लागलं? उलट दोस्त गेला.”

“खोट काट्यात नाही, हे लागलं न. आता तो काट्याशी भांडत बसन का? रागारागानं का होईना, बोंडं फोडून पाह्यन.” मग त्यानं विचारलं, “सहा वर्षांत ते तुहं कुठं कुठं नाही, एवढं तरी कळलं का?”

“कळलं. तेच छापून आलं.”

“मंग मले काऊन नाही सांगितलं? मी लोकायसमोर उगाच मान खाली घालून राह्यलो!”

गुलनाजला हसू आलं आणि रडूही. दुपारी तिनं पुण्याला फोन लावून पुढच्या प्रयोगाची तारीख विचारली.

दोन दिवसांनी मेहबूब तिला एसटीत बसवून द्यायला गेला. स्टँडसमोरून इंद्रभान कृषी कार्यालयाकडे चालला होता. हातातल्या पिशवीत फोडलेली, अळीनं खाल्लेली बोंडं होती. मेहबूबला पाहताच त्यानं मान फिरवली.

“इंद्रभान!”

तो थांबला नाही. मेहबूबनं हात वर केला होता. गाडी वळेपर्यंत गुलनाजला तो हात तसाच वर दिसत राहिला.