मागच्या जिन्याचा अर्ज

आमच्या वेस्टमार्श गावच्या अर्थ समितीवर मी अकरा वर्षं होतो. शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालो आणि कुणीतरी माझं नाव पुढे केलं. दर हिवाळ्यात प्रत्येक खात्याचं अंदाजपत्रक आमच्यासमोर यायचं, आणि वारसा निधीचे अर्जही. घरपट्टीवर जादा आकार लावून गावाने हा निधी उभारला आहे. जुन्या इमारती, मोकळ्या जागा आणि परवडणारी घरं एवढ्यासाठीच तो वापरता येतो. मंजुरी मे महिन्यातली गावसभा देते, पण आमची शिफारस नसली तर अर्ज तिथे सहसा टिकत नाही.

माझ्या शेवटच्या वर्षी फेब्रुवारीत थिओडोरा पिंकम अर्ज घेऊन आली. जुन्या शाळेच्या इमारतीत गावाने वृद्धांसाठी खोल्या काढल्या आहेत, त्यांची व्यवस्था ती बघायची. मागचा लाकडी जिना कुजला होता. सुनावणीच्या चार दिवस आधी तिने मला तो दाखवायला नेलं होतं. जिन्याच्या वरच्या सज्ज्याखालच्या तुळईत मी खिशातला चाकू टोचला, तर लोण्यात जावा तसा मुठीपर्यंत गेला. तिला म्हटलं, बघतो मी.

शनिवारी सकाळी सुनावणी झाली. आधी चर्चच्या घड्याळाच्या मनोऱ्याचा अर्ज आला. त्याच्यासोबत वास्तुरचनाकार होता, जुनी छायाचित्रं होती. तो पाच मिनिटांत पार पडला. मग थिओडोरा उभी राहिली. अध्यक्ष एल्सवर्थ लोथ्रॉप यांनी गावाच्या वकिलाचं पत्र वाचून दाखवलं. इमारत जुनी असली तरी जिना नंतर जोडलेला, खोल्याही निधीतून घेतलेल्या नाहीत, तेव्हा ही दुरुस्ती निधीत बसेल का याची शंका आहे, असं त्यात होतं. एल्सवर्थ वाईट माणूस नव्हता. पुढच्या वर्षी नीट आराखड्यासह या, असं त्यांनी तिला समजावलं. थिओडोरा माझ्याकडे बघत होती. मी कागद चाळत राहिलो. कोर्टकचेरी झाली तर सगळा निधीच अडकेल, असं मी मनाशी म्हणत होतो. चार विरुद्ध तीन मतांनी अर्ज फेटाळला गेला. चौथा हात माझा होता.

एप्रिलच्या सुरुवातीला पुन्हा बर्फ पडला. लीलंड क्विम्बी, चाळीस वर्षं आमच्या दारांत टपाल टाकणारा आणि आता त्या खोल्यांत राहणारा माणूस, सकाळी कचऱ्याची पिशवी घेऊन मागच्या सज्ज्यावर आला, आणि सज्जा त्याच्यासकट खाली गेला. आठ दिवस तो हॉस्पिटलात होता. मी दोनदा गेलो. दुसऱ्यांदा त्याने मला ओळखलं नाही.

लीलंडच्या दफनाच्या दुसऱ्या दिवशी समितीची तातडीची बैठक झाली. नव्या जिन्याला आता राखीव निधीतून पैसे द्यायचे होते. तो निधी आमच्याच हातात असतो, पण फक्त अकल्पित खर्चासाठी. अर्जावर तसं छापलेलंच होतं.

"हा खर्च अकल्पित नाही," मी म्हणालो. "मी तुळई तपासली होती. चाकू मुठीपर्यंत गेला होता."

एल्सवर्थ हळूच म्हणाले, "ऑर्विल, हे तू तेव्हा का नाही बोललास?"

"कुणी विचारलं नाही." म्हटलं आणि माझंच तोंड कडू झालं.

"बाबा रे, तो शब्द लिहिल्याशिवाय पैसे निघत नाहीत. जिना हवाय की नको?"

जिना हवाच होता. मी हात वर केला. सातही हात वर होते. माझं बोलणं इतिवृत्तात घ्या, एवढंच मी मागितलं. चिटणीसबाईंनी ते लिहून घेतलं, आणि त्याच आठवड्यात लीलंडच्या बहिणीच्या वकिलाने त्याची प्रत मागवली. तिने गावावर दावा लावला, त्यात माझी साक्ष झाली. गावाने भरपाई देऊन तडजोड केली. गावात काहीजण म्हणाले, म्हातारा उगाच तोंड उघडून बसला.

साक्षीनंतर पार्किंगमध्ये थिओडोरा भेटली.

"तू बोलशील म्हणून मी त्या दिवशी फोटोसुद्धा आणले नव्हते," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

मी राजीनामा दिला. एल्सवर्थ घरी येऊन म्हणाले, अनुभवी माणसं मिळत नाहीत, राहा. मी नाही म्हटलं. ऑगस्टमध्ये नवा जिना उभा राहिला. काम चांगलं झालंय असं लोक सांगतात. मी अजून बघायला गेलेलो नाही.