लांब दाखवणारा आरसा

मी एक जुना, फुगीर पोटाचा आरसा आहे. एका अरुंद रस्त्याच्या वळणावर, लोखंडी खांबावर उभा असतो. मित्रांनो, माझ्यात तोंड बघायला कोणी येत नाही. वळणापलीकडून काय येते ते दाखवणे, एवढेच माझे काम. ते मी इमानेइतबारे केले, तरी आज तुमच्याशी बोलताना मला लाज वाटते.

एका कारखान्यात चकचकीत पत्रा तापवून मला पोट काढण्यात आले. पोटामुळे जास्त रस्ता दिसतो, पण प्रत्येक वस्तू आहे त्याहून लहान आणि लांबवर असल्यासारखी दिसते. तशी सूचना माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेली आहे. माझी पाठ भिंतीकडे आहे.

वळणाच्या एका बाजूला सायकल दुरुस्तीचे दुकान आहे, समोर सायकलवाल्याच्या थोरल्या बहिणीचे घर. ताई रोज दुपारी रस्ता ओलांडून भावाला डबा द्यायची आणि त्याचे जेवण होईपर्यंत जुन्या टायरांवर बसून त्याला चार शब्द सुनवायची.

मी येण्यापूर्वीची गोष्ट मला दुकानातल्या गप्पांतून कळली. वस्तीच्या टोकाला मालाचा भलामोठा डेपो येणार होता आणि त्याचे ट्रक याच वळणावरून जाणार होते. ताईने घरोघर फिरून विरोध उभा केला. "आधी वेगळा रस्ता करा, मग डेपो आणा," हे तिचे पालुपद.

सायकलवाल्याचा जीव मात्र ताईत अडकलेला. रस्ता होईल तेव्हा होईल, तोवर निदान आरसा तरी हवा, असे त्याला वाटले.

"आरसा मागू नकोस रे," ताई म्हणाली. "तो लगेच देतील आणि आपल्या तोंडाला पानं पुसतील."

तरी डेपोवाल्यांनी वस्तीत घेतलेल्या सभेत त्याने हात वर करून आरसा मागितलाच. डेपोचे साहेब असे खूश झाले की आठवडाभरात मी खांबावर! पुढच्या सभेत ते म्हणाले, "तुमची मागणी आम्ही पूर्ण केली. आता तक्रार कसली?" विरोध तिथेच बारगळला.

ट्रक सुरू झाले. सायकलवाला रोज शिडी लावून मला पुसायचा. येणारेजाणारे माझे कौतुक करायचे आणि मी आणखी फुगायचो. पूर्वी ताई वळणापर्यंत जाऊन, मान वळवून बघायची. हळूहळू ती नुसती माझ्याकडे नजर टाकून पाऊल उचलू लागली. मला माझा स्वभाव ठाऊक होता, तरी ती माझ्यावर विसंबते याचा मला अभिमान वाटायचा. तो अभिमान मला आता छळतो.

एका दुपारी मी तिला ट्रक दाखवला, नेहमीसारखा लहान आणि लांब. ताई निघाली.

"ताई, मागे हो!" सायकलवाला ओरडला.

ती मागे सरताना पडली. पाय मुरगळण्यावर निभावले, पण डबा चाकाखाली गेला. त्याचे चेपलेले झाकण अजून गटाराच्या कडेला पडलेले आहे. ते मला दिवसभर दिसते.

"आरसा तूच मागितलास ना?" ताई भावाला एवढेच म्हणाली. तेव्हापासून ती रस्ता ओलांडत नाही आणि तिच्या दारात जायची त्याची छाती होत नाही. दुपारी तो पाण्याबरोबर कोरडा पाव खातो. ती उंबऱ्यावर बसून असते.

आज तो शिडी घेऊन आला. मला वाटले, पुसणार. त्याने माझ्या खाली एक पुठ्ठा बांधला. त्यावर लिहिले होते, 'आरसा परत न्या. आधी रस्ता करा.'

ताईने समोरून वाचले. "अरे, अक्षर जरा मोठं काढ!" ती ओरडली. "साहेबांना गाडीतून दिसायला नको? थांब, रंग आणते."

"तू बस. मीच येतो."

मित्रांनो, मला खरेच काढून नेले तर मी रुसणार नाही. तोवर मला जरूर पुसा, पण माझ्यावर विसंबू नका. आणि कोणी मोठ्या मागणीऐवजी आरसा देऊ लागला, तर तो घेण्याआधी त्याची पाठ वाचा.

सायकलवाला वळणापर्यंत गेला. त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही, मान वळवून रस्ता बघितला. माझ्यात ताईचे घर फारच लांब दिसत होते. तो चार पावलांत पोहोचला.