लॉर्ड हॅल्समिअरचा चांदीचा पास

माझा नवरा लायनेल जुने पास जमवतो. दोनशे वर्षांपूर्वी लॉर्ड आणि त्यांच्या बायका जे दाखवून ऑपेरात शिरायच्या, ते चांदीचे नाहीतर हस्तिदंताचे, वर नाव कोरलेले. या पासांपायी लग्न झाल्यापासून मी जुन्या बाजारांतून नुसती उभी आहे. थकले बाई. बरं, एवढं करून स्वारी ऑपेराला एकदाही गेलेली नाही. नाल जमवायचे आणि घोडा बघायचा नाही, असला कारभार.

त्याच्याकडचा, आमच्या बाथ शहरातल्या थिएटरचा एक पास मात्र अजून चालतो. इमारत उभारायला पैसे देणाऱ्या लॉर्ड हॅल्समिअरचा. ज्याच्या हातात तो असेल त्याला प्रत्येक खेळ बघायचा हक्क, कायमचा. उद्या तो देऊन लायनेल दुसऱ्या एका जमवणाऱ्याकडून दोन हस्तिदंती पास घेणार होता.

"आज तिथे ऑपेरा आहे. मला जाऊ दे या पासावर," मी म्हटलं. "तूही तिकीट काढून चल."

"वेड लागलंय का, म्यूरिएल? बोटांचे डाग पडतील. त्याला हात लावायचा नसतो."

"मला तरी कुठे लावतोस?"

तो वर्तमानपत्रात घुसला. मी पास पर्समध्ये टाकला आणि निघाले.

दारावरच्या म्हाताऱ्याने पास उलटसुलट करून पाहिला. "या, बाईसाहेब. पण खुर्ची नाही हं मिळणार. यावर बघायचा हक्क आहे, बसायचा नाही."

"सवय आहे मला उभं राहायची."

मागच्या कठड्याला टेकले. गुडघे ठणकत होते. पण ती नायिका निघून गेलेल्या माणसासाठी गायला लागली आणि मी चक्क रडले.

मध्यंतरात बाहेर आले, तर पायरीवर लायनेल. हातमोजे घातलेला, हातात मऊ फडकं.

"दे इकडे!" त्याने पास तळहातावर घेऊन पुसला. "दारवानाने कडेनेच धरला होता ना?"

गाणं कसं होतं, हे काही त्याने विचारलं नाही. माझे डोळे लाल का झाले होते, तेही नाही.

मध्यंतर संपल्याची घंटा झाली. मी त्याच्या तळहातावरून पास उचलला आणि मुठीत घट्ट आवळला.

"म्यूरिएल, डाग!"

"पडू देत. तिकीटखिडकी तिकडे आहे. यायचं तर ये, तुला खुर्चीसुद्धा मिळेल."

मी परत कठड्याला टेकले. थोडी सरकून शेजारी त्याच्यासाठी जागा ठेवली. पडदा वर गेला, ती पुन्हा गायला लागली, तरी कुणी आलं नाही. मग मी पर्स तिथे ठेवली.