भिंतीतली कडी

रतनबाईने भिंतीच्या त्या पट्ट्यावर तिसऱ्यांदा चुन्याचा हात फिरवला आणि मागे सरून पाहिलं. ओला होता तोवर चुना सगळीकडे सारखाच मळकट दिसत होता. पण वाळत आला की बाकीची भिंत पांढरी होई आणि पट्टा पिवळसर वर येई. गुडघ्याच्या जरा वरून तो भिंतीला धरून कोपऱ्यापर्यंत गेला होता. शेरडं अंग घासतात, तेवढ्याच उंचीवरून.

"ऱ्हाऊ द्या आक्का, हात दुकतील," चुलीपाशी बसलेली भामाबाई म्हणाली. "तुमी तर लगीनघर असल्यागत लागलाय."

रतनबाई हसली नाही. तिने ब्रश पुन्हा डब्यात बुडवला.

भोंगवलीच्या वरच्या वस्तीवर भामाबाई आणि तिचा नवरा भीमा यांचं हे घर विटांचं पहिलंच. परवाना काढून, नकाशा लावून बांधलेलं. आता ग्रामसेवकाने येऊन पाहायचं, माणसं राहतात अशी खात्री करायची, मग भोगवट्याचा दाखला मिळणार. दाखला मिळाला की विजेचा मीटर. सून अश्विनीला आठवा लागला होता. बाळ उजेडात यावं, एवढंच भामाबाईचं मागणं होतं.

घराला नुसता गिलावा झाला आणि दिवाळी आली. दिवाळीनंतर मेंढरं कोकणात न्यायची म्हणजे न्यायची. दाखल्यासाठी कळप थांबत नाही. सगळं बिऱ्हाड घोड्यावर लादून ती माणसं घाट उतरली. जाताना भामाबाईने किल्ली शेजारच्या रतनबाईच्या हातात ठेवली होती. साहेब आले तर उघडून दाखवा, म्हणाली होती.

पुढे बिबट्याने रतनबाईची एक शेळी काट्यांच्या कुंपणातून उचलून नेली. पक्कं घर रिकामं पडलंय, असं तिचा नवरा गेनूच पहिल्यांदा म्हणाला. चार दिवसांपुरतं म्हणून त्याने आत भिंतीत लोखंडी कडी ठोकली आणि शेरडं बांधली. बिबट्या काही हटेना. चार दिवसांचे उन्हाळ्यापर्यंत गेले.

ग्रामसेवक आला तो न सांगता. कुलूप तिनेच काढलं. आतून वास आला तसा तो नाकाला रुमाल लावून उंबऱ्याबाहेरच थांबला. ही शेरडं कोणाची, म्हणून त्याने विचारलं. माझी, एवढाच एक शब्द म्हणायचा होता. ती म्हणाली, मला काय म्हाईत न्हाई, किल्ली तेवढी माज्याकडं आसती.

त्या संध्याकाळी कोकणातून भामाबाईचा फोन आला, तेव्हा तिने सांगितलं की साहेब आला आणि घर बंद बघून गेला.

आता माणसं परतली होती, घराला चूल होती. मांडणीवर भांडी होती, दोरीवर लुगडी होती, आणि त्या कडीला भामाबाईने कंदील अडकवला होता. रतनबाईला ती कडी उपटून टाकायची होती. पण तिच्याबद्दल बोलायचं म्हणजे ती कोणी ठोकली ते सांगणं आलं. परतल्यावर भीमा चौकशीला पंचायतीत जाऊन आला होता. साहेब परत येणार हायत, एवढंच बोलला होता. आणखी काय कळलं, ते रतनबाईने विचारलं नव्हतं.

बाहेर मोटारसायकल थांबली. भीमामागून ग्रामसेवक आत आला. चुलीवर चहा उकळत होता. त्याने वर पत्र्याकडे पाहिलं, मोरी पाहिली, मोबाईलवर फोटो काढले. मग त्याची नजर भिंतीच्या खालच्या बाजूला गेली आणि तिथेच राहिली. पट्टा वाळत आला होता.

"मागं मी आलो तेव्हा इथं शेळ्या होत्या," तो म्हणाला. "गोठा म्हणून शेरा मारलाय मी. माझी पाठ फिरली की पुन्हा गोठाच होणार असंल, तर दाखला कसा देऊ? कोणाच्या होत्या त्या?"

रतनबाईच्या हातातल्या ब्रशातून चुना ठिबकत होता.

"सायेब, त्या..." ती म्हणाली.

"आमच्याच," भामाबाई म्हणाली. तिने मान वर केली नाही, चहा गाळत राहिली. "आमच्यात रीत हाय, सायेब. नव्या घरात आदी जित्राब ऱ्हातं. त्येचा पाय लागला की मग मान्सांनी चूल मांडायची. सून पोटुशी असली तर लईच पाळायचं."

"सगळा हिवाळा?"

"आता आमी हुतो कोकनात. येऊन चूल मांडायची कुनी?"

ग्रामसेवकाने भीमाकडे पाहिलं. भीमा टोपी काढून आत फुंकर मारत होता.

"अशी रीत ऐकली नव्हती," ग्रामसेवक म्हणाला.

"तुमी मेंढरं राखली न्हाईत," भामाबाई म्हणाली आणि त्याच्यापुढे कप ठेवला.

त्याला हसू आलं. चहा पिऊन त्याने कागदावरचा जुना शेरा खोडला, राहता वापर असं लिहिलं, सही केली. पुढच्या आठवड्यात दाखला घेऊन जा, म्हणाला.

रतनबाईचं अर्धं आयुष्य या माणसांच्या शेजारी गेलं होतं. त्यांची लग्नं, बारशी, जागरणं तिने पाहिली होती. अशी रीत कुठेच नव्हती.

भीमा त्याला सोडायला गेला. भामाबाईने उरलेला चहा दोन कपांत ओतला. दोघी प्याल्या. मग रतनबाई उठली, भिंतीपाशी गेली, कंदील काढून खाली ठेवला आणि कडीला हात घालून हलवू लागली. गेनूने ती खोल ठोकली होती.

"ह्यांस्नी सांगून काडून घेते," ती भिंतीकडेच पाहत म्हणाली. "भोक बुजवून देते, भामा."

भामाबाईने पदराला बांधलेली किल्ली चाचपून पाहिली.

"काडू नगा," ती म्हणाली. "दिवाळीनंतर तुमास्नी परत लागंल."